हाताने ओढलेली लाईन : ४१ वर्षं गाड्यांवर लायनिंग केलं, त्याबद्दल

काळाचौकीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. तिथे एक जुनी प्रीमियर पद्मिनी कामाला आली होती. शिकाऊ मुलाने तिच्या दारावरची पांढरी लाईन नखाने खरवडून बघितली आणि मला विचारलं, "काका, हा स्टिकर कुठे मिळतो?" ती लाईन मी ओढलेली होती, सोळा वर्षांपूर्वी. त्याला तसं सांगितलं तर तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. हाताने एवढी सरळ रेघ येते हेच त्याला खरं वाटेना. त्यात त्याचा दोष नाही, त्याने कधी कुणाला ओढताना बघितलंच नाही. म्हणून लिहायला बसलो.

माझा धंदा लायनिंगचा. गाडीच्या अंगावर हेडलाईटपासून मागच्या दिव्यापर्यंत दोन-तीन मिलिमीटरची जी बारीक रेघ जाते ती, मोटारसायकलच्या टाकीवरची सोनेरी दुहेरी रेघ, चाकाच्या रिमवरचं कडं. १९८३ ला सुरुवात केली, २०२४ ला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर थांबलो. मधल्या काळात नंबरप्लेटा लिहिल्या, टेम्पोंवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलं, टॅक्सींचे हूड, म्हणजे छतं, पिवळे केले. पोट त्याच्यावर भरलं. जीव मात्र लाईनीत.

वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत. पुढचं वर्षभर घरात काय होतं ते गिरणगावातल्या लोकांना सांगायला नको. दहावी झाली आणि मला भायखळ्याच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये लावलं. तिथे आमचे उस्ताद होते. वयाने साठीच्या पुढचे. ते पूर्वी व्हिक्टोरियांवर, म्हणजे घोडागाड्यांवर, काम करत, चाकाच्या एकेका आऱ्यावर पिवळी रेघ. ते म्हणत, आऱ्यावर ज्याचा हात बसला त्याला मोटारीचं अंग म्हणजे मैदान.

पहिले सहा महिने मी गाडीला हात लावला नाही. ब्रश धुणं आणि काच. खिडकीची जुनी काच भिंतीला टेकवून ठेवलेली असे, तिच्यावर दिवसभर लायनी ओढायच्या, संध्याकाळी रॉकेलच्या फडक्याने पुसायच्या. आधी उभ्या, मग आडव्या, मग दोन रेघांमध्ये कायम एकच अंतर. उस्ताद जाताना एकदा बघत आणि काही न बोलता पुसून टाकत. एके दिवशी त्यांनी पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी मला एका फियाटच्या डिकीखालची, कुणाला दिसणार नाही अशी जागा दिली.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण त्या पोराला तेच माहीत नव्हतं.

ब्रश खारीच्या केसांचा. दांडा बोटभर आणि केस जवळजवळ दोन इंच लांब, एका बाजूने तिरके कापलेले, तलवारीच्या पात्यासारखे. केस लांब का? कारण रंग त्या पोटात साठतो. आखूड ब्रशने वीतभर गेलात की रंग संपतो, पुन्हा बुडवावा लागतो आणि जोड दिसतो. लांब केसांचा ब्रश नीट भरला तर दरवाजाची पूर्ण लांबी एका दमात जाते. आम्हाला तयार मिळत नसत. मोठा ब्रश आणून त्यातले केस कमी करायचे, दोऱ्याने बांधायचे आणि ब्लेडने तिरका काप द्यायचा. एक ब्रश हाताला लागायला महिना जातो.

रंग सिंथेटिक एनॅमल. डब्यातून थेट गाडीवर नाही जायचं. गुळगुळीत कागदाचं जुनं मासिक घ्यायचं, त्यावर ब्रश पुढे-मागे घोळवायचा. एकदा रंगात, एकदा टर्पेंटाइनमध्ये, पुन्हा कागदावर. कागदावर ब्रश ओढताना हाताला एक ओढ जाणवते. फार घट्ट असेल तर रेघ तुटक येणार, फार पातळ असेल तर वाहणार. ती ओढ बरोबर कधी झाली हे हातालाच कळतं, मला आजही शब्दांत नीट सांगता येत नाही.

मग करंगळी गाडीच्या अंगावर टेकवायची. ती घसरत जाते, तिच्यावर हाताची उंची ठरते. बोटं हलवायची नाहीत. मनगट हलवायचं नाही. खांदा आणि कंबर मिळून सगळं अंग मागे न्यायचं. नजर ब्रशच्या टोकावर ठेवली की रेघ थरथरलीच म्हणून समजा. नजर पुढे, जिथे जायचंय तिथे. सायकल शिकताना चाकाकडे बघायचं नसतं, तसंच. वळणावर ब्रश चिमटीत अलगद फिरवायचा, म्हणजे पातं वळणाबरोबर फिरतं. रेघेची जाडी दाबावर. जास्त दाबलं की पातं पसरतं.

चूक झाली तर टर्पेंटाइनचं फडकं. ओलं आहे तोवर सगळं माफ.

सुरुवातीला एक चूक केली ती कायमची लक्षात राहिली. चकचकीत काळी गाडी, मालक स्वतः उभा. लाईन ओढली आणि डोळ्यांदेखत ती फुटायला लागली. रंग सरकून त्याचे मणी झाले. आदल्या दिवशी गाडीला मेणाचं पॉलिश केलं होतं आणि मी नुसतं सुकं फडकं फिरवून काम सुरू केलं होतं. मेणावर रंग धरत नाही. उस्तादांनी सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही. पेट्रोलचं फडकं माझ्या हातात दिलं, पूर्ण गाडी पुसायला लावली, वर साबणाचं पाणी, वर स्वच्छ पाणी. त्यानंतर चाळीस वर्षांत मेणावर ब्रश टेकवला नाही.

आणखी पुष्कळ आहे. कुणाला वाचायची इच्छा असेल तर लिहीन.

—

जावाप्रेमी

काका, इच्छा असेल तर म्हणजे काय! लिहाच.

माझ्याकडे वडिलांची १९६८ ची जावा आहे. टाकीच्या क्रोमच्या कडेने जी लाईन आहे ती पुन्हा करायची म्हणून तीन ठिकाणी फिरलो. तिन्हीकडे रेडियम लावून देतो म्हणाले. एकाने लावलंसुद्धा. टाकी पोटात फुगीर असते, स्टिकर तिथे सुरकुतला आणि पहिल्याच उन्हाळ्यात टोक उचललं. तुमच्यासारखं कुणी आता मुंबईत उरलंय का?

—

मी_रेडियमवाला

हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील पेंटर होते, कुर्ल्याला. नंबरप्लेट, दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागचं लिखाण. आठ-दहा तास उन्हात स्टुलावर. १९९८ ला मी कटिंगचं मशिन घेतलं तेव्हा ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या मशिनवर बहिणीचं लग्न झालं, घर झालं. लोक रेडियमवाल्यांनी पेंटर संपवले म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. गिऱ्हाईकाला अर्ध्या तासात गाडी हवी होती. वडिलांना एनॅमल सुकायलाच रात्र लागायची.

आता नंबरप्लेटही आमच्या हातून गेली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीतूनच लागते. तेव्हा जे वडिलांना वाटलं असेल ते मला थोडं कळलं.

—

काळाचौकीकर

@मी_रेडियमवाला, भाऊ, तुमच्यावर माझा राग नाही. अगदी मनापासून सांगतो. मीही पोटासाठी काय काय केलं ते वर लिहिलंय. तुमच्या वडिलांनी उन्हात काढलेली वर्षं मला माहीत आहेत, माझी पाठ त्याची साक्ष आहे.

पण दोन्ही कामांत फरक काय, तो सांगायला हवा. स्टिकरची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. गाडीचं अंग तसं नसतं. ते कुठे फुगतं, कुठे आत जातं. हाताची लाईन फुगवट्यावर जरा भरते, शेवटाला निमुळती होत सुईसारखी संपते. ते ठरवून करत नाही, अंगाबरोबर हात जातो म्हणून होतं. पद्मिनीला मागे जे बारीक पंख आहेत त्यांच्या बाजूने लाईन नेली की गाडी उभी असताना पळतेय असं दिसायचं.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. दार ठोकलं गेलं, नवा रंग मारला, तर मी मधला तुटलेला दीड फूट जोडून देत असे. जोड शोधून दाखवा म्हणायचो.

@जावाप्रेमी, टाकी फुगीर आहे म्हणूनच ते हाताचं काम आहे. तुमच्या टाकीचं पुढे बोलू.

पावसाबद्दल राहिलं होतं. मुंबईत जून ते सप्टेंबर लायनिंगवाल्याचा उपासाचा काळ. एनॅमल सुकत नाही, त्यावर धूळ आणि चिलटं बसतात. डुकोचं, म्हणजे गाडीच्या अंगाला मारायच्या रंगाचं, तर त्याहून वाईट. डुको चटकन उडतो, उडताना पत्रा गार पडतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि रंग पांढरा पडतो. काळ्या गाडीवर दुधाची साय धरल्यासारखं. मग मंद उडणारं थिनर वापरायचं, किंवा कोळशाची शेगडी खोलीत ठेवून हवा कोरडी करायची. शेगडी आणि थिनर एका खोलीत! आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. हे कुणी करू नका. गणपती गेले की कामं यायची आणि दसऱ्याच्या आधीचे दहा दिवस रात्री जागून काम. खंडेनवमीला गाडी पूजेला उभी राहायची तर तिच्या अंगावर ताजी लाईन हवी, असं मानणारे टॅक्सीवाले होते.

टॅक्सीचा हूड पिवळा, अंग काळं. ते दोन रंग जिथे मिळतात तिथे छताच्या कडेला पन्हाळ असते. नवे पेंटर तिथे टेप लावत. टेपखाली रंग शिरतो आणि कड दातेरी येते. मी ती कड ब्रशने सोडवायचो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बेस्टची जुनी डबलडेकरही गेली. दीड महिन्यात दोन. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी लालबागच्या पुलाखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचो.

—

बुलेट_३५०

काका, रॉयल एनफिल्डच्या चेन्नईतल्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरची सोनेरी लाईन हाताने ओढत आले आहेत, तिथल्या पेंटरांचे व्हिडिओ मी कितीतरी वेळा बघितले. टाकी फिरत्या स्टँडवर, एका दमात पूर्ण वळसा. तुम्ही लिहिलेली करंगळी तिथेही दिसते!

रोल्स-रॉईसमध्येही कोचलाइन हाताने ओढतात, इंग्लंडमध्ये गुडवूडला. तीन मिलिमीटर जाडीची, गाडीच्या एका बाजूला सुमारे सहा मीटर लांब. ब्रशचे केस तिथेही खारीचेच. एवढ्या मोठ्या कंपनीला मशिन परवडत नाही असं थोडंच आहे.

—

काळाचौकीकर

@बुलेट_३५०, खारीचे केस वाचून फार बरं वाटलं. आमच्या उस्तादांना इंग्लंड कुठे आहे हे ठाऊक असेल-नसेल, पण व्हिक्टोरियाची ती रेघ आणि तिथल्या बग्गीची रेघ एकाच कुळातली. म्हणूनच ते तिला कोचलाइन म्हणतात. घोडागाडीवरून मोटारीवर आली.

आणि अमेरिकेतलं म्हणाल तर तिथे १९५० च्या दशकात वेगळंच वळण लागलं. कॅलिफोर्नियात केनेथ हॉवर्ड म्हणून एक होता, त्याला व्हॉन डच म्हणायचे. त्याचे वडील पाट्या रंगवायचे. त्याने सरळ रेघ सोडली आणि बॉनेटवर दोन्ही बाजूंना सारखी, एकमेकींत गुंतलेली नक्षी काढायला लागला. ते काम मी पहिल्यांदा एका परदेशी मासिकात बघितलं, चोरबाजारात मिळालेल्या. एका वांद्र्याच्या मुलाने ते पान दाखवून विचारलं, माझ्या फियाटवर असं कराल का? डावी बाजू काढायची आणि मग उजवी तिच्यासारखी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना हे सहज जमेल, त्यांना मधली न काढलेली रेघ डोळ्यांनी दिसते. मला तीन रात्री लागल्या. आई काय करायची ते आठवून मी खडूने आधी ठिपके मांडले आणि मग जमलं.

—

आखणी

काका, मी परळची. घरात गणपतीचा कारखाना, आजोबांपासून. डोळ्यांची आखणी आमच्याकडे घरातला एकच माणूस करतो, आधी आजोबा, मग बाबा, गेली अकरा वर्षं मी. तुम्ही ब्रशबद्दल लिहिलंत ते वाचताना मी अक्षरशः उठून माझा ब्रश बघून आले. पापणीची वरची रेघ एका श्वासात जावी लागते. मध्ये थांबलं तर बाप्पाची नजर तुटते, बाबा म्हणायचे. आणि करंगळी मूर्तीच्या गालावर!

एक विचारते. आमचे जुने ब्रश मुंगसाच्या केसांचे होते. ते आता कायद्याने बंद आहेत आणि ते योग्यच आहे, पण नायलॉनचा ब्रश रंग तसा धरून ठेवत नाही. तुम्ही काय वापरत होता शेवटी?

—

काळाचौकीकर

@आखणी, ताई, मुंगसाचे आम्हीही अक्षरं लिहायला वापरायचो, केसाला उसळी असायची. वन्यजीव कायद्यात मुंगूस आल्यावर सोडले. एका ब्रशमागे किती जीव जात होते हे कळल्यावर हातात धरवेना. नायलॉन घेतलाच तर नवा ब्रश तसाच वापरू नका. टोक अगदी बारीक पॉलिश पेपरवर ओला करून दहा-बारा वेळा फिरवा, केसांची टोकं झिजून मऊ होतात. खारीच्या केसाची बरोबरी होत नाही, पण रंग जरा धरतो.

आणि काम झाल्यावर ब्रश टर्पेंटाइनमध्ये उभा ठेवू नका. धुऊन, तेलात बुडवून, केस सरळ करून पसरट डब्यात आडवा. मी इंजिन ऑईल वापरतो. माझा एक ब्रश १९८९ पासून असा टिकलाय. हे एनॅमलच्या ब्रशाचं हं, तुमचा पाण्याच्या रंगाचा असेल तर तेल नको.

—

वेसावकर

दादा, आमच्या वेसाव्याला होड्यांवर पण लाईन असते. नारळी पुनवेच्या आधी बोटी वर काढून रंगवतो, तेव्हा काठाखालून लांबच लांब पट्टा. माझा काका ओढायचा. सुतळीला खडू लावून आधी खूण मारायचा, मग दोन माणसं फळी घेऊन त्याच्याबरोबर चालायची, त्यावर तो हात टेकवायचा. चाळीस फूट. तुमची करंगळी, आमची फळी.

—

जावाप्रेमी

मला एक कळत नाही. एवढं कसब असूनही पैसे कधी मिळाले का नीट?

—

काळाचौकीकर

कधी मिळाले, कधी नाही. एक अनुभव सांगतो. एका व्हिंटेज गाडीचं काम होतं. हॉर्निमन सर्कलपासून निघणाऱ्या रॅलीसाठी मालकाला ती हवी होती. चार दिवस खपून दोन रंगांची लाईन केली, गडद लाल आणि तिच्या आत सोनेरी. गॅरेजवाल्याला बजावलं, हे एनॅमल आहे, निदान दहा दिवस यावर काही मारू नका. त्याने तिसऱ्या दिवशी वरून लॅकर मारला. त्यातल्या थिनरने खालचा रंग उचलला. सगळी लाईन सुरकुतली, भिजलेल्या कागदासारखी. मालकाला सांगितलं की पेंटरचा माल हलका होता. माझे पैसे बुडाले ते सोडा, त्या मालकाने पुढे कधी मला बोलावलं नाही. ते मला जास्त लागलं. गाडीवर आमचं नाव कुठे नसतं, त्यामुळे काम चांगलं झालं तर गॅरेजचं आणि बिघडलं की पेंटरचं.

त्यानंतर मी एक करायला लागलो. डिकीच्या झाकणाच्या आत, रबराखाली, तारीख लिहायची. नुसती तारीख, त्याच ब्रशने. मुंबईत अजून काही गाड्या असतील, रबर काढलं तर सापडेल.

—

जेजेची_विद्यार्थिनी

काका, मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अक्षरलेखन शिकतोय, पण लायनिंग कुणी शिकवत नाही. तुम्ही शिकवाल का? फी सांगा. मला खरंच शिकायचंय, प्रोजेक्टपुरतं नाही.

आणि सुरुवातीला कुठला रंग घेऊ?

—

काळाचौकीकर

@जेजेची_विद्यार्थिनी, बाळा, फी नको. उस्तादांनी माझ्याकडून घेतली नव्हती.

रंग कुठल्याही चांगल्या कंपनीचा सिंथेटिक एनॅमल चालेल, पांढरा घे, काचेखाली काळा कागद ठेवलास की चुका स्पष्ट दिसतात. आपल्याकडे रंगाची कमी नाही, एशियन पेंट्स १९४२ ला गिरगावातच सुरू झाली आणि नेरोलॅकचं मूळ १९२० चं, लोअर परळचं. डब्यावर शिशाचं प्रमाण वाच. जुन्या पिवळ्या रंगात शिसं भरपूर असायचं आणि आम्ही ब्रशचं टोक ओठांनी करायचो. तू ते चुकूनही करू नकोस. कापडावर फिरवून टोक कर.

एक डोळा आता धूसर आहे, मी स्वतः गाडीवर ओढत नाही. पण काचेवर हात धरून दाखवू शकतो आणि चूक कुठे झाली ते लगेच कळतं. ज्या गॅरेजचा उल्लेख वर केला तिथे रविवारी शेड मोकळी असते, मालकाला विचारलं, तो हो म्हणाला. तो नखाने खरवडणारा मुलगाही येतो म्हणालाय. येत्या रविवारपासून सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. ज्यांना यायचंय त्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवा, पत्ता तिथे देतो. @जावाप्रेमी, टाकी घेऊन या, पण लगेच होईल असं समजू नका. यातल्या कुणाचा तरी हात तयार झाला की तोच करेल.

—

मी_रेडियमवाला

मी वडिलांना घेऊन येऊ का? ७४ वय आहे. ब्रश अजून जपून ठेवलेत त्यांनी, पत्र्याच्या डब्यात. काल हा धागा वाचून दाखवला तेव्हा डबा काढून बसले होते.

—

काळाचौकीकर

विचारता काय भाऊ. त्यांना घेऊनच या. खुर्ची मी आणतो.

—

आखणी

मीही येतेय. येताना काय आणायचं?

—

काळाचौकीकर

प्रत्येकाने एक काच, दोन बाय दीड फुटाची, चार मिलिमीटर जाडीची. रद्दीतलं गुळगुळीत कागदाचं एक मासिक. सुती फडकी, जुन्या धोतराची असली तर उत्तम, त्याचे धागे सुटत नाहीत. काचेच्या कडा दुकानातून घासून आणा, हात कापतो.